मोबाईलच्या खेळातली झूल आणि घरातला पैसा



एरवी मी आपल्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलत असतो. आजचा विषय निराळा आहे. पण तोही घरच्या पैशाचा आहे आणि अलीकडे पुष्कळ घरांत भांडणाचे कारण झाला आहे. म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या वर्षी पोळा आठ दिवसांवर आला असताना माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लातूर जिल्ह्यात दिलेली आहे. म्हणाली, "दादा, उद्याच ये. बापलेक दोन दिवसांपासून एकमेकांशी बोलत नाहीत, एका पंगतीला बसत नाहीत."

मी गेलो. प्रकार असा होता. डेअरीचे दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी दाजींच्या खात्यावर जमा होतात. दाजींना मोबाईलवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. तेव्हा विजेचे बिल, रिचार्ज, खताच्या दुकानाची उधारी हे सारे व्यवहार अकरावीतला भाचाच करतो. पैसे पाठवण्याचा गुप्त आकडा त्याला पाठ. सोयाबीनच्या दुसऱ्या फवारणीसाठी राखलेल्या पैशांतले चार हजार तीनशे रुपये तीन आठवड्यांत गेले होते. कधी नव्वद, कधी साडेचारशे, असे. दाजींना वाटले, कोणा ठगाने खाते लुटले. ते तालुक्याला बँकेत गेले. तिथल्या कारकुनाने उतारा काढून दाखवला. सगळे पैसे मोबाईलवरच्या एका बंदुकीच्या खेळात गेले होते. ही गोष्ट चार माणसांसमोर कळली, याचे दाजींना जास्त लागले.

आणि तो मोबाईल मीच घेऊन दिला होता. भाचा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला म्हणून. तेव्हा या भांडणात मी पंच नव्हतो, निम्मा आरोपीच होतो.

दाजी म्हणाले, "चार हजार घालून आणलं काय, तर बंदुकीचा रंग! हातात धरता येत नाही की गहाण ठेवता येत नाही."

भाचा खाली मान घालून बसला होता. तो एकदम म्हणाला, "आबा, परवा तुम्ही बैलांना झूल आणली, गोंडे आणले, शिंगांना रंग आणला. झूल घातली म्हणून बैल खोल नांगरतो का?"

घरात कोणी बोलेना. दाजी उठून गोठ्यात निघून गेले.

पोराचे बोलणे उद्धट होते, यात शंका नाही. पण ते माझ्या मनातून जाईना. त्यानंतर ज्या ज्या गावी मेळाव्याला गेलो, तिथे कार्यक्रम आटोपल्यावर पारावर मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांजवळ मी बसू लागलो. विचारू लागलो, "बाबांनो, या खेळात पैसा घालणे तुम्हाला बरोबर वाटते का?" मला वाटले होते, सगळे एका सुरात 'हो' म्हणतील. तसे झाले नाही. पोरे आपसातच वाद घालू लागली. त्यांचे ऐकून आणि पुढे थोडे वाचून मला जे उमगले, ते सांगतो.

खेळ फुकट, मग पैसा कशाचा?

आपल्या खेड्यांतून बंदुकीच्या खेळाचे वेड शिरले ते 'पबजी मोबाईल'मुळे. हा खेळ मार्च २०१८ मध्ये आला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ थोडा बदलून 'बीजीएमआय' या नावाने परत आला. 'फ्री फायर' हा त्याच जातीचा दुसरा खेळ. हे खेळ उतरवून घ्यायला एक पैसाही लागत नाही. मग कंपनीचे पोट भरते कशावर? खेळाच्या आत जे दुकान असते, त्यावर. तिथे आधी खरे रुपये देऊन खेळातले नाणे घ्यायचे. बीजीएमआयमध्ये त्याला 'यूसी' म्हणतात, फ्री फायरमध्ये 'डायमंड'. मग त्या नाण्याने पोशाख, टोप्या, बंदुकीचे रंग घ्यायचे. या रंगाला पोरे 'स्किन' म्हणतात.

अमेरिकेतल्या एका खेळाचे उदाहरण पाहा. 'टीम फोर्ट्रेस २' नावाचा बंदुकीचा खेळ २००७ मध्ये रोख किमतीला विकला जात होता. सप्टेंबर २०१० मध्ये त्यात दुकान उघडले, आणि जून २०११ पासून खेळच फुकट करून टाकला. पुढे पुष्कळ कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

यावर एका पोराने मला सांगितले ते ऐकण्याजोगे आहे. तो म्हणाला, "साहेब, मी तीन वर्षं एक रुपया न देता खेळतो. जे पैसे घालतात, त्यांच्या जिवावर आमचा खेळ चालतो. त्यांना मी नावं कशी ठेवू?" जत्रेत तमाशाला पुढचे तिकीट काढणारे असतात, म्हणून मागे उभ्याने पाहणाऱ्यांचे भागते, तसाच हा हिशेब.

पण पैसा घालणे म्हणजे एकच गोष्ट नव्हे. खेळणारे त्यात तीन प्रकार करतात, आणि प्रत्येकाविषयी त्यांचे मत निराळे आहे. आपण घरातली वडील माणसे हे तिन्ही एकाच पोत्यात भरतो, म्हणून आपले बोलणे पोरांना पटत नाही.

पहिला प्रकार: रूप

नुसत्या रूपासाठी पैसा घातला तर बहुतेक खेळणाऱ्यांची हरकत नसते. बीजीएमआयमध्ये बर्फाच्या रंगाची 'ग्लेशियर' नावाची बंदूक पोरांत फार मानाची आहे. ती हातात असली म्हणून गोळी जास्त जोराने लागत नाही. नुसती शोभा. म्हणजे भाच्याची ती झूलच.

किमतीवरून मात्र कुरकुर असते. 'व्हॅलोरंट' नावाच्या खेळात जुलै २०२० मध्ये चार बंदुका आणि एक खंजीर यांच्या स्किनचा संच जवळजवळ शंभर डॉलरला काढला होता. काही खेळाडू रागावले, की एवढ्या पैशात दुसरा आख्खा खेळ विकत येतो. काही म्हणाले, घ्यायची सक्ती कोणी केली आहे? दोन्ही म्हणणी खरी आहेत.

पण सक्ती नाही म्हणताना एक गोष्ट झाकली जाते. 'फोर्टनाइट' या खेळात फुकटचा मूळ पोशाख घालणाऱ्याला इतर पोरे 'डिफॉल्ट' म्हणून हिणवतात. आपल्याकडेही तसेच आहे. चार दोस्त खेळायला जमले, तिघांकडे झगझगीत पोशाख आणि चौथा साधा, तर चौथ्याची थट्टा होते. आईबापांनो, पोराने रंगाला पैसे घातले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याने चार दोस्तांतली जागा विकत घेतलेली असते. लग्नात ऐपतीबाहेर मांडव घालणाऱ्या आपण मोठ्या माणसांना हे समजायला अवघड जाऊ नये.

दुसरा प्रकार: बळ

पैसा घालून जो जास्त ताकद घेतो, त्याच्याविषयी खेळणाऱ्यांना मनापासून चीड आहे. कुस्तीच्या फडात पहिलवान रेशमी लांग लावून उतरला तर कोणी काही म्हणत नाही. पण पैसे चारून समोरच्याचा हात बांधून घेतला, तर फड उधळला जाईल.

याचे मोठे उदाहरण नोव्हेंबर २०१७ मध्ये घडले. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा खेळ फुकट नव्हता. अमेरिकेत साठ डॉलर देऊन घ्यायचा होता. तरीही त्यातले नामांकित वीर कुलूपबंद ठेवले होते, आणि पैशाने घेतलेल्या पेट्यांतून ताकद वाढवणारी पत्ती निघत होती. एका वीराला साठ हजार गुण लागत. खेळाडूंनी हिशेब मांडला, की पैसे न घालता तो मिळवायला सुमारे चाळीस तास खेळावे लागेल. कंपनीने त्यावर जे उत्तर दिले, त्याविरुद्ध नापसंतीची साडेसहा लाखांवर मते पडली; गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. शेवटी कंपनीने वीरांचे मोल पाऊणपट कमी केले, आणि खेळ सर्वत्र विक्रीस येण्याच्या आदल्या दिवशी पैशाची खरेदीच बंद ठेवली. गिऱ्हाईक एकजुटीने उभे राहिले तर काय होते, हे आपण दूध संघात पाहिले आहे. इथेही तेच झाले.

रूप आणि बळ यांच्यामधला बांध मात्र नेहमी सरळ नसतो. 'कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन' या खेळात एका पात्राचा काळाकुट्ट पोशाख विकला गेला. म्हणायला तो नुसते रूप. पण तो घालून अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला माणूस दिसतच नसे. खेळाडूंनी ओरड केली आणि २०२१ मध्ये कंपनीला तो उजळ करावा लागला. फ्री फायरमध्ये तर काही बंदुकांच्या स्किनला जास्त मारा, जास्त वेग असे गुणच जोडलेले असतात. याच मुद्द्यावर पारावरची पोरे माझ्यासमोर हमरीतुमरीवर आली. एक म्हणे, "हा अन्याय आहे." दुसरा म्हणे, "ज्याचा नेम चांगला, तो साध्या बंदुकीनंही मारतो."

तिसरा प्रकार: झाकली मूठ

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वस्तू थेट विकत मिळत नाहीत. बंद पेटी घ्यायची. आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळात ऑगस्ट २०१३ पासून अशा पेट्या आल्या. खेळता खेळता पेटी फुकट मिळे, पण उघडायची किल्ली घ्यायला सुमारे अडीच डॉलर, म्हणजे दोनशेहून जास्त रुपये. उघडताना पट्टी गरगर फिरते, दिवे चमकतात, आणि किमती वस्तू अगदी जवळून निघून जाते. जत्रेतली चक्री ज्याने पाहिली आहे, त्याला जास्त सांगायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची!

शेतकरी बंधूंनो, आपण बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा तिच्यावर खूणचिठ्ठी असते. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली उगवणशक्ती त्यावर छापावी लागते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला ती निदान ७० टक्के हवी. म्हणजे शंभर दाण्यांत सत्तर उगवतील, हे आपल्याला आधी कळते. या पेट्यांवर कित्येक वर्षे अशी चिठ्ठीच नव्हती. चीनच्या सरकारने मे २०१७ पासून, कोणती वस्तू निघण्याचा संभव किती, हे जाहीर करणे कंपन्यांना भाग पाडले. तेव्हा कळले, की काउंटर-स्ट्राइकच्या पेटीतून सर्वांत दुर्मीळ वस्तू, म्हणजे चाकू वगैरे, निघण्याचा संभव ०.२६ टक्के आहे. दहा हजार दाणे पेरले तर सव्वीस उगवले! असे बियाणे आपण शेतात टाकू का?

आणखी एक हिशेब पाहा. ०.२६ टक्के म्हणजे सुमारे ३८५ पेट्यांत एक. नुसत्या किल्ल्यांचाच खर्च ऐंशी हजारांच्या घरात जातो. बरे, ३८५ पेट्या उघडल्या म्हणजे चाकू मिळणारच, असेही नाही. शंभर जणांनी प्रत्येकी तेवढ्या उघडल्या, तरी त्यांतले छत्तीस-सदतीस जण रिकाम्या हातानेच उठतील.

एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियम देशाच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवले. पुष्कळ खेळाडूंचेही मत तेच आहे. पण इथेही दुसरी बाजू आहे. 'ओव्हरवॉच' या खेळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पेट्या काढून टाकल्या आणि थेट किमतीचे दुकान मांडले; तेव्हा बरेच खेळाडू हळहळले, की पूर्वी खेळून पेट्या फुकट तरी मिळायच्या, आता प्रत्येक पोशाखाला दाम मोजावे लागतात. म्हणजे त्यांचे भांडण पेटीशी कमी आणि पैसे घेऊन विकलेल्या पेटीशी जास्त.

सातबारा कोणाच्या नावावर?

घेतलेली स्किन आपली होते, असे पोरांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. तिचा सातबारा कंपनीच्या नावावर असतो. आपण नुसते कूळ, आणि तेही कायद्याचे संरक्षण नसलेले. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय आपल्याकडच्या मोबाईल दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ते दहा महिने पैसे घालून बसलेल्या पोरांच्या पोटात गोळाच होता.

काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंची तर खरेदी-विक्री होते, आणि काही जण चाकूकडे गुंतवणूक म्हणून पाहत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने एक नियम बदलला, त्यामुळे चाकू मिळवणे सोपे झाले, आणि एका दिवसात चाकूंचे भाव कोसळले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हाचे आपले हाल आठवा. फरक इतकाच, की भाव पडला तरी कांदा खाता येतो.

घरात काय करावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून, पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद करण्याचे ठरवले. पण पोशाख आणि स्किन विकणारे बंदुकीचे खेळ चालूच आहेत. तेव्हा विचार घरालाच करायचा आहे. मला सुचतात त्या गोष्टी अशा:

१. पोराला 'पैसे का घातले?' असे न विचारता 'कशाला घातले?' असे विचारा. रूपाला, बळाला, की बंद पेटीला? तो खरे सांगेल, कारण हा भेद त्याला तुमच्याहून चांगला कळतो.

२. रूपासाठी घरच्या ऐपतीप्रमाणे वर्षाची एक रक्कम ठरवा. अंथरूण पाहून पाय पसरावे. विकत घ्यायच्या बंद पेटीला मात्र एक रुपयाही नाही, हे स्पष्ट सांगा.

३. दूध आणि पिकाचे पैसे ज्या खात्यावर येतात, त्याचा गुप्त आकडा पोराच्या हाती ठेवू नका. मोबाईलच्या व्यवहारासाठी दुसरे लहान खाते ठेवा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे. ती चालू करा. लहान मुलाच्या हातून नकळतही खरेदी होते. अशाच तक्रारींवरून फोर्टनाइटच्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्याचे कबूल केले.

४. चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची मागणी करा. उशीर झाला की काम अवघड होते.

५. 'स्वस्तात यूसी देतो, डायमंड देतो' म्हणणाऱ्या परक्या माणसाला पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

६. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बीजीएमआयने २०२१ मध्ये दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च अशी मर्यादा ठेवली होती. दिवसाला सात हजार! कंपनीची मर्यादा ही आपल्या घराची मर्यादा नव्हे, हे यावरून ओळखा.

झुलेचे उत्तर

आता बहिणीच्या घरी काय झाले ते सांगून थांबतो. पोळ्याच्या दिवशी सकाळी दाजी गोठ्यात बैल धूत होते. त्यांनी भाच्याला हाक मारली आणि म्हणाले, "दाखव ती बंदूक." भाच्याने भीत भीत मोबाईल पुढे केला. दाजींनी हात पुसले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "रंग बरा आहे. पण याला चार हजार?"

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रंगाला साडेचारशेच लागले, आबा. बाकीचे पेट्या उघडण्यात गेले. एकातही काही निघालं नाही. ते चुकलंच."

बघा, चूक कुठे झाली हे पोराला आमच्याआधी ठाऊक होते. विचारण्याची रीत आम्हाला साधली नव्हती.

दाजींनी झूल उचलून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "झूल घातल्यानं बैल खोल नांगरत नाही, हे खरं. पण ही झूल मी तुझ्या आईला विचारून आणली. तू कोणाला विचारलंस?"

भाच्याने उत्तर दिले नाही. त्याने झूल घेतली आणि बैलाच्या पाठीवर नीट घातली.

फवारणीचे पैसे मी दिले, उसने म्हणून. भाच्याने सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाऊन दिवाळीपर्यंत ते फेडले. मोबाईल आजही त्याच्याकडेच आहे, आणि खेळही. घरखर्चाच्या वहीत मात्र बहिणीने एक नवा रकाना पाडला आहे, 'हौस' नावाचा. त्यात भाच्याचा खर्च लिहिला जातो, आणि दाजींच्या गोंड्यांचाही.

आपल्या घरच्या वहीत असा रकाना आहे का? नसेल तर येत्या सणाच्या आधी पाडून पाहा.